दोन सक्षम जामीनदार

परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीसाठी माझी निवड झाली आणि पूर्तता करायच्या कागदांची यादी हातात पडली. त्यात एक अट होती : दोन सक्षम जामीनदार. त्या अटीचा मला आजही राग येतो. ज्यांच्या घरी काही नाही त्यांच्यासाठी ही योजना. म्हणून उत्पन्नाची मर्यादा, म्हणून तहसीलदाराचा दाखला. आणि त्याच घरातल्या मुलीनं जमीनजुमला असलेली दोन माणसं आपल्यासाठी उभी करायची! मुलीनं शिक्षण अर्धवट सोडलं, तर सगळी रक्कम व्याजासकट त्या दोघांकडून वसूल होणार.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात. दादा, म्हणजे माझे वडील, सालगडी. आई रोजानं निंदायला, कापूस वेचायला जाते. शेत नाही. घर गावठाणात, त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. जिल्हा परिषदेची शाळा, नांदेडला मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहून बी.एस्सी., मग आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरी. त्या नोकरीतच सार्वजनिक आरोग्य शिकायचं डोक्यात बसलं. आयईएलटीएस झाली, इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात प्रवेश मिळाला. हे सगळं २०२२ चं.

शिष्यवृत्तीच्या आधी बँकेचं दारही वाजवून पाहिलं होतं. फी आणि राहणं धरून खर्च तीस लाखांच्या वर. शैक्षणिक कर्ज तेव्हा साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळायचं, पुढे तारण लागायचं. गावठाणातलं घर तारण म्हणून चालत नाही, असं मॅनेजरनं नमुना आठ बघून तिथल्या तिथं सांगितलं. त्यामुळे शिष्यवृत्ती हीच एक वाट होती आणि त्या वाटेवर जामीनदार हवे होते.

आमच्याकडे जामीन या शब्दालाच माणसं बिचकतात. सोसायटीच्या नाहीतर पतसंस्थेच्या कर्जाला भाऊबंदासाठी सही केली आणि नोटीस आपल्या दारी आली, अशी उदाहरणं प्रत्येक गावात आहेत. मला शिकवलेल्या एका सरांकडे गेले. त्यांना माझं कौतुक होतं, शाळेच्या फळ्यावर माझं नावही लिहिलं होतं त्यांनी. पण शिक्षकांच्या पतसंस्थेत ते आधीच तीन सहकाऱ्यांना जामीन होते. "बाई, माझा पगार आता माझा राहिला नाही," म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही. भावकीत पगारदार कुणी नाही. चुलते ऊसतोडीला जातात, मामा पुण्यात बिगारी. माझ्या ओळखीपाळखीच्या सगळ्या माणसांची नावं मी वहीत लिहून काढली, तर 'सक्षम' म्हणावं असं त्यात जवळजवळ कुणीच नव्हतं. आपण कुठून आलो ते मला माहीत होतंच, पण त्या वहीनं ते फार कडवटपणे दाखवलं.

शेवटी एक सही मैत्रिणीच्या आईनं केली. त्या जिल्हा रुग्णालयात परिचारिका. ड्यूटीवरून आल्या, हातपाय धुतले, मला जेवायला वाढलं आणि पगारपत्रक नि फॉर्म सोळा काढून माझ्यासमोर ठेवला. कारणही विचारलं नाही.

दुसऱ्या सहीसाठी दादा मालकाकडे गेले. मी नको म्हणत होते. ज्याच्या शेतात तुम्ही राबता त्याच्यापुढे माझ्यासाठी हात पसरू नका, दुसरं कुणीतरी मिळेल, असं मी भांडून सांगितलं. दादांनी ऐकलं नाही. मलाही बरोबर नेलं. ओसरीवर मालक पेपर वाचत बसले होते. पंधरा वर्षं त्या घरचं काम करणारे माझे वडील चपलांपाशी उभे राहिले. म्हणाले, "मालक, पोरीचं काम हाय." मालकांनी हमीपत्र हातात घेतलं, चष्मा शोधला, तो सापडला नाही. सुनेला हाक मारली, तिनं वाचून दाखवलं. रकमेच्या आकड्यापाशी ती थांबली आणि सासऱ्यांकडे बघायला लागली. मालकांनी एवढंच विचारलं, "पोरगी शिकून माघारी येईल ना?" दादा म्हणाले, "येईल." मालक म्हणाले, "कुठं करू सही?"

सहीनं काम संपलं नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात पीककर्जाचा बोजा निघाला आणि कार्यालयानं कागद परत केला. बोजा नसलेल्या दुसऱ्या गटाचा उतारा काढायला मालक स्वतः तलाठ्याकडे गेले. ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलला गेले, तिथं भर दुपारी बाकड्यावर बसून राहिले. सत्तरीतला माणूस. हे मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही.

पुढचं भराभर झालं. व्हिसाची फी तेव्हा ३६३ पौंड, आरोग्य अधिभार ७०५ पौंड, क्षयरोगाच्या तपासणीचे वेगळे. लाखाच्या वर गेलेले हे पैसे आधी आपल्या खिशातून भरायचे होते. आईच्या बचत गटानं आणि संस्थेतल्या सहकाऱ्यांनी ते उभे केले. सप्टेंबरमध्ये मी लीड्सला पोचले.

आमच्याकडे साल पाडव्याला ठरतं. २०२३ चा पाडवा मार्चमध्ये होता. संध्याकाळी आईचा फोन आला. गावात त्या वर्षी सालाचा भाव चांगला पंधरा-वीस हजारांनी चढला होता, गडी मिळत नव्हते. मालकांनी दादांना विचारलं, "औंदा किती म्हणतोस?" दादा म्हणाले, "मागचंच राहू द्या." नव्वद हजार आणि दोन क्विंटल ज्वारी. आई फोनवर रडत नव्हती, चिडली होती. "सही केली ना त्येनं, मग ह्ये कसं तोंड उघडतील?" त्याच्या पुढच्या पाडव्यालाही तेच झालं. रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला दुसरे गडी नाही म्हणायला लागले, तिथं दादा जात राहिले.

मालकांनी त्या सहीचा एका शब्दानंही उच्चार केला नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्यांच्यावर रागवायला मला काही सापडत नाही. कधी वाटतं, त्यांनी स्वतःहून वाढवून द्यायला हवं होतं, सालाचा भाव त्यांना माहीत नव्हता का? मग तहसीलच्या बाकड्यावरचा तो माणूस आठवतो आणि असं वाटल्याची लाज वाटते. मग वाटतं, लाज मलाच का वाटावी?

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. त्याबदल्यात शिक्षणानंतर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायचा करार होता. ती अट कडक होती, पण शिकणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यावर होती. माझ्याकडूनही तसं लिहून घ्या. पाच वर्षं जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात काम कर म्हणा, मी आनंदानं केलं असतं. सरकारचा पैसा बुडू नये हे मला पटतं. पण जामीन मागितला की गावातला गरीब माणूस जमीनवाल्याच्याच ओसरीवर जाणार, आणि त्याची किंमत रोखीत नाही, मजुरीत चुकती करणार. हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात येत नसेल, तर त्यांनी एकदा एखाद्या सालगड्याशी बोलावं.

या वाटेनं निघालेल्या मुलामुलींना मी आता फोनवर एवढंच सांगते की निकालाची वाट बघू नका. अर्ज भरला त्याच आठवड्यात जामीनदाराचा सातबारा काढा, इतर हक्काचा रकाना वाचा, ऐपतीच्या दाखल्याला वेळ लागतो हे धरून चाला. विद्यापीठ अनामत मागतं तेव्हा शिष्यवृत्तीचं पत्र जोडून मुदत वाढवून मागा. आणि शक्य असेल तर वडिलांच्या मालकाकडे जाऊ नका. हे सांगताना मला कळतं की माझ्याकडेही दुसरा पर्याय नव्हता, आणि दादा त्या दिवशी माझं ऐकून घरी बसले असते तर मी आज संस्थेच्या जुन्याच खुर्चीत असते.

पदवी मिळाली. मी परत आले, परभणीत माता आरोग्याच्या एका प्रकल्पावर काम करते. आता घरात माझा पगार येतो. दादांनी साल सोडावं म्हणून मी आणि आई मागे लागलो आहोत. पदवीचं प्रमाणपत्र, गुणपत्रक, परत आल्याचा पुरावा सगळं कार्यालयात दिलं आहे, जामीनदार मुक्त झाल्याचं पत्र अजून आलेलं नाही. मालकांच्या मुलांना तो गट विकायचा आहे, वकील ते पत्र मागतो. मी दर महिन्याला अर्ज करते. दादांचं म्हणणं एकच आहे : ते पत्र मालकाच्या हातात दिल्याशिवाय मी साल सोडणार नाही.