एका रेषेचे वय

शाळेच्या नाटकात दहा वर्षांचा मुलगा भीष्माचार्य होतो. कापसाची शुभ्र दाढी त्याच्या छातीवर रुळत असते. कपाळावर काजळाने सुरकुत्या रेखलेल्या असतात. आवाजही तो मोठ्या प्रयासाने खोल काढतो. तथापि तो रंगमंचावर येताच प्रेक्षकांत हशा पिकतो. दाढी वृद्धाची असली, तरी तिच्यावरचे टपोरे डोळे आणि गोबरे गाल बालकाचेच राहतात. मग माणसाचे वय दिसते तरी कशात?

नटाला हा प्रश्न क्वचित पडत असेल. चित्रकथा काढणाऱ्याला तो रोजच पडतो. जपानात चित्रकथेला 'मंगा' म्हणतात. मंगातील चेहरा बहुधा मोजक्या रेषांचा असतो. दोन डोळे, दोन भुवया, नाकाच्या जागी एखादे टिंब आणि तोंडाची लहानशी रेघ, एवढ्या सामग्रीवर बालक, तरुण आणि वृद्ध असे सारे उभे करायचे असतात. जेथे शंभर रेषा आहेत, तेथे एखादी चुकली तरी खपून जाते. जेथे दहाच आहेत, तेथे प्रत्येकीला जाब द्यावा लागतो.

या कलेचे नियम निसर्गाने मानवी देहावरच लिहून ठेवले आहेत. नवजात बालकाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढे असते. प्रौढ माणसाचे डोके उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढेच भरते. बालकाचा नेत्रगोलक जन्मतःच प्रौढाच्या नेत्रगोलकाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. पुढे नाक लांबते, जबडा रुंदावतो, हनुवटी खाली उतरते. डोळे मात्र त्या मानाने फारसे वाढत नाहीत. म्हणूनच मुलांचे डोळे मोठे वाटतात आणि मोठ्यांचे लहान.

याची प्रचीती कोणालाही घेता येईल. कागदावर अंड्याच्या आकाराचा चेहरा काढावा आणि त्याच्या बरोबर मध्यावर डोळे रेखावेत. तो प्रौढाचा वाटेल. तसाच दुसरा चेहरा काढून डोळे बोटाच्या पेराएवढे खाली आणावेत व किंचित मोठे करावेत. कपाळ विशाल होते, हनुवटी इवलीशी उरते, आणि कागदावरून एक मूल पाहू लागते. आता पहिल्या चेहऱ्याकडे वळावे. त्याच्या नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे एक रेघ उतरवली, की पंचविशीतला तरुण पन्नाशीकडे झुकतो. काळाला ज्या कामासाठी वर्षे लागतात, ते लेखणीच्या एका फटकाऱ्यात होऊन जाते!

ओसामु तेझुका (१९२८–१९८९) या चित्रकाराचा या विद्येत हातखंडा होता. त्यांनी ओसाका विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. परंतु औषधांच्या बाटल्यांपेक्षा शाईची दौतच त्यांना अधिक प्रिय वाटली. १९७२ ते १९८३ या काळात त्यांनी गौतम बुद्धांचे चरित्र चित्रकथेतून सांगितले. जरेच्या दर्शनाने ज्याचे मन व्याकूळ झाले, त्या राजपुत्राची ही कथा. तीत नायक जन्मतो, वाढतो आणि अखेर वृद्धही होतो. अशा कथेत चेहरा प्रत्येक टप्प्यावर बदलावा लागतो आणि तरीही तो त्याच माणसाचा आहे, हे वाचकाला पटावे लागते. वय बदलावे आणि ओळख टिकावी, हीच या कलेची खरी कसोटी होय.

परंतु त्याच हाताने कितीतरी आधी एक असाही बालक रेखला होता, की ज्याचे वय कधी वाढणारच नव्हते. त्याचे नाव आतोमु. त्याची मुख्य कथामाला १९५२ मध्ये सुरू झाली. पुढे जगाने त्याला 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या नावाने ओळखले. कथेतील शास्त्रज्ञ तेन्मा याचा मुलगा अपघातात मरण पावतो. शोकाने वेडापिसा झालेला पिता हुबेहूब त्याच्यासारखा यंत्रमानव घडवतो. तेच डोळे, तेच गाल, तेच हास्य! काही काळ पित्याचे दुःख हलके होते. पण दिवस लोटतात आणि त्याच्या ध्यानात येते, की हा मुलगा तसूभरही वाढत नाही. मग ज्या चेहऱ्यासाठी त्याने एवढा खटाटोप केला, तोच चेहरा त्याला असह्य होतो आणि तो त्या निरपराध यंत्रबालकाला सर्कशीत विकून टाकतो.

ही कथामाला १९६८ पर्यंत चालली. ज्याने अकराव्या वर्षी तिचे पहिले प्रकरण वाचले असेल, तो तोवर सत्तावीस वर्षांचा झाला असेल. त्याचा जबडा भरला असेल, नाक सरळ झाले असेल, आवाज फुटला असेल. पानावरचा आतोमु मात्र बालकच राहिला. त्याच्या अंगी एक लाख अश्वशक्तीचे बळ होते. पण हनुवटीची रेघ केसभर खाली उतरवण्याचे सामर्थ्य काही त्याच्यापाशी नव्हते.

नाटक संपते, कापसाची दाढी उतरते, आणि भीष्माचार्य झालेला मुलगा आरशात आपला गोबरा चेहरा पाहून खट्टू होतो. त्याला मोठे व्हायची घाई असते. त्याच क्षणी त्याच्या चेहऱ्यावर निसर्गाची लेखणी हळुवारपणे चालू असते, हे त्याला कोठे ठाऊक असते? जे आतोमुला कधी लाभले नाही, ते त्याला न मागताच मिळत असते.