डोंगरकड्याचा गडी आणि कळसूबाई

गावाच्या नावात डोंगरही आहे आणि कडाही! मग आमच्या ग्रुपमधला हा हिंगोलीवाला ट्रेकिंगचा एक्सपर्टच असणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. ‘अरे, आमचं डोंगरकडा केळीचं गाव हाय, मी बागेत वाढलोय,’ असं तो कानीकपाळी ओरडत होता. पण ऐकतंय कोण? नुकताच गावाहून आलेला, त्यामुळे पाठीवरच्या सॅकमध्ये दोन डझन केळी. त्यावरूनही यथेच्छ खेचून झाली.

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर. ऑफिसच्या एसीत हा आकडा अगदीच किरकोळ वाटतो. इगतपुरीला उतरून, जीपने अकोले तालुक्यातल्या बारी गावात पोचून मान वर केली, की मग कळतं. त्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन सकाळीच सॉलिड तापलं होतं.

सुरुवातीला रोज ट्रेडमिलवर पाच किलोमीटर पळणारा आमचा हिरो सुसाट सुटला. अर्ध्या तासात तो एका दगडावर बसलेला सापडला, पाण्याची बाटली अर्धी रिकामी! डोंगरकडेकर मात्र गप्पा मारत, शेतात निघाल्यासारखा चालत होता. ‘बोलता येतंय तोवर चालायचं, बोलणं बंद झालं की थांबायचं,’ हा त्याचा फंडा. जिमचा ट्रेनर हेच सांगायचे पैसे घेतो, बरं का.

लोखंडी शिड्या सुरू झाल्या आणि गप्पा आपोआप संपल्या. दमछाक होतीच, पण वळून पाहिलं की अलंग, मदन, कुलंग समोर उभे. प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचं भंडारदऱ्याचं पाणी लांबवर चमकत होतं. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. तिथे पोचलो आणि आमच्यातल्या एकीच्या पोटरीत जबरदस्त गोळा आला. पाय टेकवेना. मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं, पोटरी चोळली, ज्या केळ्यांची टिंगल केली तीही पुढे आली.

तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ काळवंडलं आणि गडगडलं. वर देवीचं देऊळ दिसत होतं. मध्ये फक्त एक शिडी! ‘तुम्ही जाऊन या, मी बसते इथे,’ ती म्हणाली. दोघे उठलेसुद्धा. डोंगरकडेकराने त्यांच्या सॅक धरून ठेवल्या. ‘आभाळ गरजतंय अन् शिडी लोखंडाची. वर आडोसा न्हाई. लेकाहो, रानात वीज पडलेली बघितलीय मी.’ एरवी खिदळणारा हा गडी पहिल्यांदाच एवढा गंभीर दिसला.

वादावादी झाली, अगदी आवाज चढवून. सर्वात उंच ठिकाणचा फोटो कोणाला नको असतो? मलाही हवा होताच. पण वीज आणि लोखंड या जोडीपुढे युक्तिवाद करणार कोण? तिला मध्ये घेऊन सगळेच उतरायला लागलो. खालच्या शिड्या लोखंडाच्याच, त्या पटापट पार केल्या. ढग शिखरावर बसले ते बसलेच.

उतरताना मांड्यांनी जो बदला घेतला, तो विचारू नका! चढण्यापेक्षा उतारच दुसऱ्या दिवशी जास्त दुखतो, कारण उतरताना स्नायू ताणले जात शरीराचा भार पेलतात. सोमवारी ऑफिसचा जिना मी कठडा धरून, आडवी आडवी उतरत होते.

ट्रेडमिलवाला हिरो इगतपुरी येईपर्यंत कोणाशी बोलला नाही. स्टेशनवर डोंगरकडेकराने त्याच्यापुढे उरलेलं एकुलतं एक केळं धरलं. पार काळं, चेपलेलं. त्याने ते सोललं आणि तोंडात घास असतानाच विचारलं, ‘डिसेंबरमध्ये कोण कोण येतंय?’