वाटाड्याची मजुरी पहिल्या ओळीत

येत्या डिसेंबरात आमच्या वस्तीतील युवक मंडळ व महिला मंडळ यांचे मिळून २४ जण कळसूबाईचे शिखर चढायला जाणार आहेत. ही शाळेची सहल नाही, लग्नाचे वऱ्हाड नाही की एखाद्या सभेची गाडी नाही. एक उंच पहाड आपल्या पायांनी चढायचा, वरून मुलूख पाहायचा आणि सुखरूप घरी यायचे, एवढ्याच कामासाठी आमची माणसे वाशीमहून इतक्या दूर निघण्याची ही पहिलीच वेळ. मी पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम.; त्यामुळे मंडळाच्या जमाखर्चाची वही आपोआप माझ्याकडे येते. गेले दोन महिने या वहीत जे लिहिले गेले, त्यातले काही वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावेसे वाटते. उद्या तुमच्याही गावातून कोणी निघाले तर उपयोगी पडेल.

आम्ही वऱ्हाडातली माणसे. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. आमच्याकडे टेकड्या आहेत, पण पहाड म्हटला की मेळघाट आठवतो. चिखलदऱ्याजवळचे वैराट हे तिकडचे उंच ठिकाण, तेही ११७८ मीटरच्या आसपास. कळसूबाई मात्र १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. हे शिखर अकोले तालुक्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नाशिक जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. पहिल्या बैठकीत 'अकोले' हे नाव ऐकून एक आजीबाई म्हणाल्या, "अकोल्याले तं मी बी येतो, दवाखान्याचं काम बी होऊन जाईन!" हे अकोले वेगळे आणि आपले अकोला वेगळे, हे समजावण्यात अर्धी बैठक गेली.

रस्ता असा ठरला. वाशीमहून अकोला, अकोल्याहून मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने पहाटे इगतपुरी, तेथून घोटी आणि घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याने पायथ्याचे बारी गाव. तरुण पोरांचे म्हणणे होते की शनिवारी सकाळी पोहोचलो की लगेच चढायला लागू, मुक्कामाचा खर्च वाचेल. मी तो मुक्काम वहीत कायम ठेवला. रात्रभर डब्यात बसून आलेल्या माणसाचे पाय थरथरतात आणि या पहाडावर तीन-चार ठिकाणी उभ्या कातळाला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. तेथे झोपमोड झालेला माणूस स्वतःलाही भारी आणि मागच्यालाही भारी. म्हणून शनिवारी बारीत विश्रांती, गावातच एका घरी जेवण, आणि रविवारी पहाटे साडेपाचला चढाई. सवय नसलेल्या माणसाला वर जायला तीन ते चार तास लागतात. सकाळी दहा वाजता जो जेथे असेल तेथून तो परत फिरेल, मग शिखर हाताच्या अंतरावर का असेना, असे लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत.

सह्या घेतल्या म्हणून काही जण हसले. पण ही वेळ खाली, शांत डोक्याने ठरवावी लागते. वर गेल्यावर मन ऐकत नाही. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एकाच वादळात आठ माणसे गेली. त्यांच्यात मोठमोठे अनुभवी वाटाडे होते, पैसे भरून आलेले लोक होते आणि परत फिरण्याची वेळही बोललेली होती. ती पाळली गेली नाही. एव्हरेस्ट कुठे आणि आमची कळसूबाई कुठे, हे मला कळते. पण ठरलेली वेळ न पाळण्याची खोड सगळ्या उंचीवर सारखीच असते.

खरा वाद झाला तो वाटाड्यावरून. बारीतील दोन वाटाडे आम्ही ठरवले आहेत. त्यांची मजुरी २४ जणांत वाटली तर माणशी ६० ते ६५ रुपये येते. बैठकीत एक होतकरू तरुण उभा राहिला. त्याचे म्हणणे, वाट मळलेली आहे, सुटीच्या दिवशी शेकडो लोक जातात, शिड्या आहेत, मोबाईलवर नकाशा आहे; मग हे पैसे कशाला? ती ओळ काढली तर वर्गणी तेवढीच कमी होईल. दोन-चार माना डोलल्या. वर्गणी जमवताना आमच्या बायाबापड्यांनी मजुरीच्या दिवसातून पैसे बाजूला काढले आहेत, त्यामुळे हे बोलणे वावगे म्हणता येत नाही.

मी त्याला एवढेच विचारले, "दादा, तुझी आई सोयाबीन सोंगायला जाते. वावर तर समोर दिसते, इळा घरोघरी आहे. मग मालक तिला मजुरी कशाची देतो?" तो गप्प झाला. वाटाड्या फक्त वाट दाखवत नाही. धुके उतरले की कोठे थांबायचे, कोणत्या दगडावर शेवाळ असते, कोणाचा श्वास चढला आहे, शिडीवर बाईमाणूस घाबरली तर काय बोलायचे, हे तो जाणतो. त्याचे हे ज्ञान त्याच्या आईबापांनी गुरे चारताना, पाणी वाहताना मिळवलेले आहे. ते कोणत्या दाखल्यावर लिहिलेले नसते म्हणून ते फुकट होत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बिनमोल राबणूक सोसली, त्याने तरी दुसऱ्याची मजुरी 'वाचवू' नये.

आणि ही गोष्ट फक्त बारीची नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार ठार झाले. ते दुसऱ्यांसाठी वाट तयार करत होते, दोर आणि सामान वाहत होते. सरकारने त्यांच्या घरच्यांना तातडीची मदत म्हणून ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले, तेव्हा शेर्पा खवळले. विमा वाढवा, जखमींची सोय करा, अशा मागण्या करून त्यांनी काम थांबवले आणि नेपाळच्या बाजूची त्या हंगामातील चढाई जवळजवळ बंद पडली. जगातले सर्वात उंच शिखरसुद्धा मजुराने हात आवरला की कोणाला चढता येत नाही.

कळसूबाईच्या नावामागेही एक मजुरीचीच कथा सांगतात. कळसू ही कोळ्याची मुलगी. ती पायथ्याकडच्या एका गावात एका घरी कामाला राहिली, पण राहताना अट घातली की केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. पुढे घरच्यांनी अट मोडून भांडी घासायला लावली, तेव्हा तिने ते काम सोडले आणि पहाड गाठला. आज शिखरावर तिचे छोटे देऊळ आहे. कोणी हात जोडेल, कोणी जोडणार नाही, तो ज्याचा त्याचा विचार. मला त्या कथेत देवीपेक्षा कामाच्या अटी आधी बोलून घेणारी एक पोरगी दिसते. बैठकीत ही कथा सांगितल्यावर आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या, "भाऊ, मंग वाटाड्याची मजुरी पयल्या ओळीत लिवा." त्याप्रमाणे ती पहिल्या ओळीत आहे. दोघांशी फोनवर बोलून रक्कम, जेवण आणि परतीची वेळ ठरवली आहे, आणि अर्धे पैसे आधी पाठवले आहेत.

आमच्या २४ जणांत ११ मुली आणि बाया आहेत. एस.टी.मध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे त्यांचा खर्च थोडा हलका झाला. पण अडचण तिकिटाची नव्हती. एका मुलीच्या वडिलांनी मला रस्त्यात अडवून विचारले, "पोरगी पडली-झडली तं जबाबदार कोन? आन्‌ लोकं काय म्हनतीन?" मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावची मलावथ पूर्णा ही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेतील आदिवासी मुलगी. २५ मे २०१४ रोजी ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली, तेव्हा तिला १४ वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. तिच्याबरोबर आनंद कुमार हा आपल्यासारख्याच दलित घरातला विद्यार्थी होता. आणि आपल्या विदर्भातले म्हणाल तर मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील शासकीय आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले, त्यातही एक मुलगी होती. ही लेकरे अंगात काही दैवी घेऊन जन्मली नव्हती. आधी लहान कडे, मग मोठे पहाड, मग बर्फ, अशी महिनोन्‌महिने त्यांची तयारी करून घेतली गेली. कोणीतरी त्यांच्यासाठी कागदावर सगळे नीट मांडले होते.

आमची तयारी त्यामानाने साधी. दर रविवारी सकाळी पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर चढउतार. चपलेवर कोणालाही नेणार नाही. ज्यांच्याकडे बूट नाहीत अशा पाच जणींना मंडळाने बूट घेऊन दिले आणि ते नवेकोरे पहाडावर न घालता आधी पंधरा दिवस रोजच्या कामावर घाला, असे सांगितले. शिदोरीला भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे, उकडलेली अंडी. ज्या वडिलांनी मला अडवले होते, त्यांनी मुलीचे नाव राहू दिले आणि खाली स्वतःचेही लिहायला लावले. वर्गणी दोघांची भरली.

हे सगळे लिहिताना मला वारंवार १९३४ सालचा एक दौरा आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सुमारे ३० सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. अस्पृश्य प्रवाशांना वाटेत जो त्रास होतो तो टळावा म्हणून त्यांनी दौऱ्याचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. जेथे थांबायचे तेथील आपल्या माणसांनाच कळवले होते. तरी दौलताबाद किल्ल्याच्या दाराशी हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला. तो वाट दाखवायला नव्हता. ही मंडळी आत कोठे पाण्याला शिवत तर नाहीत, हे पाहायला होता. गोलमेज परिषदेला जाऊन आलेल्या माणसाची ही कथा. ती त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि घरातल्या प्रत्येक मुलाला वाचून दाखवावी अशी आहे.

म्हणून आमचा कार्यक्रम मी कोठेही लपवलेला नाही. गाडीच्या वेळा, २४ नावे, दोन्ही वाटाड्यांची नावे आणि त्यांची मजुरी, सकाळी दहाची परतीची वेळ, सगळे मोठ्या अक्षरात लिहून विहाराच्या वाचनालयातील फळ्यावर लावले आहे. एक प्रत प्रत्येकाच्या घरी, एक बारीला. शिखराच्या थोडे खाली एक विहीर आहे. तिला पाणी असेल तर तेथे थांबायचे, दोन्ही वाटाड्यांसह सर्वांनी एकत्र बसून भाकरी खायची आणि पोटभर पाणी प्यायचे, असेही कार्यक्रमात लिहिले आहे.

जमाखर्च परत आल्यावर मांडीन. जयभीम.