संदिग्धतेला जिथे जागा नाही

कवितेच्या वर्गात आपण अनेकार्थतेचे गोडवे गातो. एका शब्दातून दोन अर्थ निघाले की विद्यार्थ्यांना ते सौंदर्य म्हणून दाखवतो. परंतु जिथे दुसरा अर्थ निघणे हाच अपघात असतो अशाही भाषा आहेत. विमानतळावर उभ्या विमानाभोवती काम करणाऱ्यांची भाषा ही त्यांपैकी एक.

वाटूरला विमानतळ नाही. फाट्यावरची वाहने आणि सुगीत सोयाबीनच्या शिवारात घुमणारा हडंबा, एवढीच इथली यंत्रे. तरी या भाषेशी माझा परिचय झाला तो इथल्याच एका माजी विद्यार्थ्यामुळे. तो मुंबईला विमानात सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला आणि दिवाळीत सुरक्षा-प्रशिक्षणाची पुस्तिका घेऊन आला. "सर, एवढं मराठीत करून द्या. 'समजलं का' म्हणून विचारतात, तेव्हा आम्ही सगळेच 'हो' म्हणतो." पुस्तिका इंग्रजीत होती आणि तिचे स्पष्टीकरण हिंदीत झाले होते.

पुस्तिकेतील खुणांनी मी थक्क झालो. चाकांना अडणी लावली हे सांगताना दोन्ही हात डोक्यावर उंच धरून कांड्या आतल्या बाजूला टोचल्यासारख्या हलवायच्या. अडणी काढली हे सांगताना तशाच, पण बाहेरच्या बाजूला. हात तेच आणि उंची तीच. केवळ दिशा बदलली की अर्थ उलटा. कानांवर आवाजरोधक चढवलेल्या माणसांना याहून वेगळी भाषा परवडणारही नाही. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन एक तंत्रज्ञ मरण पावला. तेव्हाच्या बातम्यांत खुणेच्या गैरसमजाची चर्चा होती.

भाषांतर करताना मी पहिल्यांदा अडलो तो इंजिनाच्या 'ओढून घेण्या'पाशी. मी सूक्ष्म पर्याय शोधत होतो, तोवर तोच म्हणाला, "म्हणजे हडंब्यासारखं." त्याला सगळे ठाऊक होते. हडंब्यापाशी उपरणे गळ्यात ठेवायचे नाही, सैल बाही नको, घास लावताना हात तोंडाशी न्यायचा नाही. हे ज्ञान शिवारात कुणी पुस्तिकेतून शिकवलेले नव्हते. तुटलेल्या हातांनी शिकवले होते. मळणीयंत्रांचे अपघात इतके होते की १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला.

ही उपमा मला फार आवडली, आणि म्हणूनच तिची भीती वाटली. हडंबा चालू आहे की बंद, हे कानाला कळते. त्याला हात लागल्यावाचून तो ओढत नाही. विमानाचे इंजिन कित्येक पावलांवरून माणूस ओढते, आणि आजूबाजूच्या गोंगाटात नेमके कोणते इंजिन चालू आहे हे कान सांगू शकत नाही. म्हणून विमानाचा लुकलुकणारा लाल दिवा विझेपर्यंत जवळ जायचे नाही, असा नियम आहे. उपमा माणसाला अर्थाच्या दारापर्यंत आणते. ती कुठे लागू पडत नाही, हे सांगितल्यावाचून आत जाऊ देणे धोक्याचे.

'बारीकसारीक कचरा उचला' हा नियमही असाच. शेतात पडलेल्या खिळ्याने फार तर टायर फुटतो. २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर दुसऱ्या विमानाची धातूची एक पट्टी पडली होती. तिने काँकॉर्डचे टायर फाटले, आणि त्या अपघातात ११३ माणसे गेली. हे कारण एकदा सांगितले की 'कचरा' हा शब्द पूर्वीचा राहत नाही.

नियम आईच्या भाषेत आणणे ही निम्मी गोष्ट झाली. 'समजलं का?' हा प्रश्नच मुळात सदोष आहे, कारण त्याला एकच सभ्य उत्तर असते. नोकरी नवी, साहेब घाईत, बाजूचे दहाजण 'हो' म्हणालेले. अशा वेळी 'नाही' म्हणायला धैर्य लागते, आणि ते महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याकडून आपण का अपेक्षावे? त्याऐवजी 'आता तू मला सांग' म्हणावे. कविता शिकवणाऱ्याला हे ठाऊक असते: अर्थ कळला की नाही हे मान डोलण्यावरून कधीच कळत नाही. ते विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत बोलू लागला म्हणजे कळते.