यांचं पाचारण आणि माझा पगार

यांनी कारकुनाची कायम नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरायचं ठरवलं तेव्हा थोरली नववीत होती, धाकटा पाचवीत. मी नगरला एका दवाखान्यात परिचारिका. दोन्ही घरांत ख्रिस्ती धर्म पणजोबांपासूनचा. त्यामुळे बाप्तिस्मा, दृढीकरण, रविवारची उपासना हे सगळं जन्माबरोबर आलेलं. उन्हाळ्यात उज्जीवन सभांचा मांडव पडायचा. ज्यांना आपलं जीवन पूर्णपणे प्रभूच्या स्वाधीन करायचंय त्यांनी उभं राहावं, असं वक्ते म्हणाले की मी उभी राहायचे. माझ्या बरोबरीच्या सगळ्याच राहायच्या. मग घरी येऊन भाकरी टाकायच्या नि सकाळी ड्यूटी गाठायची.

त्या वर्षी हेही उभे राहिले, आणि घरी येऊन जेवता जेवता म्हणाले, "मला पाचारण झालंय."

"मुलांच्या फीचं काय?" मी विचारलं.

"प्रभू पुरवील."

पुरवलं प्रभूनं, माझ्या पगारातून.

हे गावोगाव फिरू लागले. मळ्यांवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर जायचे, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे, कुणाला सिव्हिलला आणायचं असलं की आमच्याकडे उतरवायचे. त्या माणसांचं मला कधी ओझं वाटलं नाही. रात्रपाळीहून आल्यावर आणखी चार माणसांचा चहा टाकायला काय लागतं? सलायचं ते दुसरंच. सभेत साक्ष देताना हे म्हणत, "नोकरी सोडली, पण प्रभूनं आम्हाला कधी कमी पडू दिलं नाही." मंडळी 'आमेन' म्हणायची. मी बायकांच्या बाजूला बसून किती जादा रात्रपाळ्या घेतल्या त्याची बेरीज करायचे. घरी हिशेबाच्या वहीत मी एक वेगळा रकाना आखला होता, 'सेवा' म्हणून. पेट्रोल, पत्रिकांची छपाई, कुणाच्या एस.टी.चं भाडं, कुणाची औषधं. महिनाअखेरीला त्याखाली रेघ मारून बेरीज करताना पेन जरा जोरातच चालायचं.

त्याच काळात लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा हातात आलं. शाळेत धडा होता तेव्हा हसून सोडलेलं पुस्तक आता वेगळंच वाचलं गेलं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई पदरात लहान मुलगा घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे काही वर्षांनी त्या आपल्या विचारानं ख्रिस्ती झाल्या, ते वेगळं. पण टिळकांनी देवाला काय काय वाहिलं त्याचा हिशेब बाईंनी ठेवलाय, आणि तोही हसत हसत. आलेला पैसा टिळक वाटून मोकळे होत आणि चूल बाईंपुढे असे. १९१७ मध्ये तर टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. आमच्याकडे टिळकांची गीतं दर रविवारी म्हणतात. लक्ष्मीबाईंचं नाव व्यासपीठावरून क्वचितच निघतं.

पेत्राचंही मला तसंच वाटतं. जाळी टाकून तो येशूमागं निघाला, यावर मी आजवर कितीतरी उपदेश ऐकले. पेत्राला बायको होती याची आठवण कुणी काढत नाही. शुभवर्तमानात त्याची सासू तापानं पडलेली आहे. सासू म्हटल्यावर बायको आलीच. पौल करिंथकरांना लिहितो तिथं केफा, म्हणजे पेत्रच, बायकोला बरोबर घेऊन फिरत असल्याचा ओझरता उल्लेख आहे, तेवढाच. तिला विचारलं होतं का, जाळी सोडल्यावर घरात काय शिजलं, काही कळत नाही. मी नर्स असल्यामुळं असेल, पण त्या गोष्टीत माझं लक्ष कायम तापाच्या खाटेकडेच जातं.

पंडिता रमाबाईंचं एक मात्र मला फार जवळचं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत स्वच्छ लिहून ठेवलं. तो मिळायला आणखी आठ-एक वर्षं लागली. एवढी संस्कृत जाणणारी बाई हे लिहू शकते, तर पणजोबांच्या पुण्याईवर बसलेल्या माझ्यासारखीला किती लागावीत?

माझं झालं ते शनिवारी संध्याकाळी, उभ्या उभ्या. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं आणि द्राक्षारस करायची पाळी माझी. आमच्याकडे काळ्या मनुका रात्रभर भिजत घालतात, साखर घालून उकळतात, कुस्करतात आणि धुतलेल्या मलमलीतून गाळतात. मलमल पिळताना बोटं जांभळी होतात नि रविवारीही ती तशीच दिसतात. पिळता पिळता सवयीनं प्रार्थना चालू होती: यांना पुन्हा नोकरीची बुद्धी दे, थोरलीला नर्सिंगला लाव, धाकट्याचं गणित सुधार. आणि एकदम लक्षात आलं की माझी प्रार्थना म्हणजे वॉर्डातला ड्यूटी चार्ट आहे. कोणी कधी काय करायचं ते मीच भरलेलं, देवानं खाली फक्त सही करायची. तेव्हा म्हटलं, पगारही तुझा, हा माणूसही तुझा, पोरांचं काय करायचं तेही तूच भर. ना डोळ्यांत पाणी आलं, ना कुणाचा आवाज ऐकू आला. गाळून झालं, पातेलं घासून पालथं घातलं.

सोमवारी फी भरायची होती ती होतीच. त्यासाठी पोस्टातलं आवर्ती खातं मोडलं. पुढच्या महिन्यात 'सेवा' रकाना आखला नाही. खर्च बाकीच्या खर्चांतच लिहिला. आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं यांना तोंडावर सांगता आलं, तेही न भांडता. "साक्ष द्या, पण सगळी द्या. प्रभूनं पुरवलं म्हणता, तर कशातून पुरवलं तेही सांगा." हे काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी एका मळ्यावरच्या उपासनेत मात्र म्हणाले, "आमचं घर हिच्या रात्रपाळ्यांवर चाललंय." बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं नि बरंही वाटलं.

मध्यंतरी आमच्या मंडळीतला एक तरुण यांच्याकडे आला. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, वर्षभरापूर्वी लग्न झालेलं. त्यालाही नोकरी सोडायची होती. हे बायबल उघडायला लागले, तेवढ्यात मी आतून बाहेर आले.

"घरात विचारलंस का रे?"

"काकू, ती काही नाही म्हणणार नाही."

"मी तसं विचारलं नाही."

पुढच्या आठवड्यात तो तिला घेऊन आला. चांगली पोरगी, बी.कॉम. झालेली. पाचारणाबद्दल ती फारसं बोलली नाही. घरभाडं किती, गाडीचे हप्ते कधी संपतात, सासूबाईंच्या इन्सुलिनला महिन्याला काय लागतं, हे तिनं न अडखळता सांगितलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. इन्सुलिनचा आकडा त्याला ठाऊकच नव्हता. यांनी प्रार्थना केली. मग ती म्हणाली, "मावशी, हप्ते संपेपर्यंत तरी यांनी थांबावं असं मला वाटतं. पण देवाचं मन काय आहे ते मलाही बघायचंय. दोघांनाच कळून कसं चालेल?"

यातले 'दोघं' म्हणजे तिचा नवरा आणि माझा. मी तिला म्हटलं, "येत जा शनिवारची."