आधी काय काढू?

हार्ड डिस्क मरायला टेकली की टक्-टक् असा आवाज करते. भिंतीवरच्या घड्याळासारखा मात्र नव्हे. घड्याळाच्या आवाजात निदान वेळ पुढे सरकत असल्याचा दिलासा असतो. हा आवाज म्हणजे बंद दाराची कडी पाहुण्याने पुन्हा पुन्हा वाजवावी आणि आतून कुणीच येऊ नये, तसला. गेल्या चैत्रात माझ्या थोरल्या भावाच्या घरी तो सुरू झाला आणि आमच्या कुटुंबातली चार शहाणी माणसे तीन महिने त्याच एका विषयावर बोलत राहिली.

दादा बँकेतून निवृत्त झालेला. तीस वर्षांपूर्वीच्या वीजबिलाची पावती मागा, तो उठून काढून देईल. आईवडील गेल्यावर त्याने चार वर्षे खपून घरातली बाराशे पत्रे, जुने फोटो आणि आईच्या आवाजातल्या नऊ कॅसेटी संगणकावर उतरवल्या. आई नातवंडांना गोष्टी सांगायची, त्या कुणीतरी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवल्या होत्या. कॅसेटींना बुरशी आली होती. एकेक वाजवून आवाज उतरवून घेतला, तेवढ्यात फितीचा लेप गळून पडला. म्हणजे आईचा आवाज आता फक्त त्या डिस्कमध्ये. आणि डिस्क म्हणते टक्-टक्!

बातमी फुटताच सल्लागार जमले. पुण्यात एक वेळ रिक्षा मिळणार नाही, पण सल्ला हटकून मिळतो. एक म्हणाले, तळहातावर हलकेच आपटा. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, त्यांच्या मेव्हण्याची अशीच जगली. वहिनींनी बर्फाच्या कप्प्यातले मटार काढायलासुद्धा घेतले होते. दादाने मात्र ठाम नकार दिला. हे त्याचे उपकारच म्हणायचे. कारण गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरते, आणि दवाने ओल्या झालेल्या तबकडीला मग कुणी वाली राहत नाही.

टिळक रस्त्याजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, हेच काम करणारा एक तरुण भेटला. तिशीचा असेल. डिस्क हातात घेऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, टक्-टक् ऐकू आल्यावर किती वेळा चालू केलीत?"

"दोनदा," दादा म्हणाला.

"मग आशा आहे. लोक पन्नासदा चालू करतात आणि मग आणतात."

त्याने एक उघडी, निकामी डिस्क समोर ठेवून आम्हांला सगळे समजावून दिले. आत आरशासारखी चकचकीत तबकडी असते. ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. तिच्यावर ग्रामोफोनच्या हातासारखा एक हात असतो. पण ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, हिची टेकता कामा नये. तिच्या टोकाचे डोके तबकडीपासून काही नॅनोमीटरवर हवेत तरंगत असते. हे अंतर केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास येते. धुळीचा एक कणही तिथे धोंड्यासारखा. डोके निकामी झाले की हाताला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. तो पुन्हा पुन्हा मूळ जागी येऊन आपटतो. तीच ती टक्-टक्. मी त्या तबकडीत डोकावलो, तर माझाच चेहरा दिसला. अशी पहिली डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली, तेव्हा दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनभर वजन आणि एवढ्या संसारात मावणार पन्नास लाख अक्षरे! आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्यात मावेल न मावेल.

"पुसलेले परत येते असे म्हणतात, ते खरे का?" मी विचारले.

"ते सोपे काम," तो म्हणाला. पुसणे म्हणजे ग्रंथालयातल्या सूचीतले कार्ड फाडणे. पुस्तक फळीवर तसेच असते. त्या जागी दुसरे ठेवले जाईपर्यंत शोधणाऱ्याला ते सापडते. अर्थात हे तबकडीच्या डिस्कचे. हल्लीच्या एसएसडीत तबकडी नसते, आणि कार्ड फाटले की ती थोड्याच वेळात आपणहून फळीही झाडून घेते. तिथे शोधणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. आमच्या बाबतीत तक्ता उलटा होता. कार्डे बरीचशी शाबूत, पुस्तके जागच्या जागी. ग्रंथपालच आंधळा झालेला.

"डोनर शोधावा लागेल," असे त्याने सांगितले मात्र, वहिनींनी एकदम दादाच्या हाताला धरले. त्यांच्या भावाच्या किडनीचे प्रकरण घरात ताजे होते. पण इथे दाता म्हणजे दुसरी डिस्क. त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची, जमल्यास त्याच कारखान्यातून त्याच सुमारास बाहेर पडलेली. तिची डोकी काढून आमच्या डिस्कला बसवायची, तीही धूळ गाळलेल्या हवेच्या पेटीत. शिवाय विद्युत्पट्टी बदलायची झाली, तर तिच्यावरची एक बारीक चिप जुन्या पट्टीवरून उचलून नवीवर लावावी लागते. कारण या डिस्कच्या खास खोडी तेवढ्या त्या चिपलाच ठाऊक असतात. पत्रिका जुळायला तीन आठवडे लागले.

मधल्या काळात आम्ही घाबरून जाऊ नये म्हणून तो कोलंबिया यानाची हकीकत सांगे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान परतताना आकाशातच फुटले. कल्पना चावला धरून सातही अंतराळवीर गेले. यानात झेनॉन वायूच्या दाटपणावर एक प्रयोग चालला होता, त्याची डिस्क सुमारे सहा महिन्यांनी एका कोरड्या तळ्याच्या पात्रात सापडली. डिस्क कसली, भाजलेला धातूचा गोळा तो. क्रोल ऑनट्रॅक या अमेरिकन कंपनीतल्या कारागिरांनी तबकड्या धुऊन दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि तिच्यातला जवळजवळ ९९ टक्के मजकूर बाहेर काढला. नशीब असे, की तबकडीचा जो भाग खरवडला होता त्यावर काही लिहिलेलेच नव्हते. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आम्ही हे ऐकून माना डोलावल्या, तेव्हा तो प्रामाणिक मुलगा म्हणाला, "पण काका, त्याच यानातल्या आणखी दोन डिस्क मिळाल्या होत्या. त्यांतून काहीच निघाले नाही."

अखेर दाता मिळाला, आणि खरा प्रश्न तेव्हा पुढे आला.

"नवी डोकी किती वेळ टिकतील सांगता येत नाही. दहा दिवस, नाही तर दहा मिनिटे. डिस्कमध्ये १९५ कोटी कप्पे आहेत. सोपे आधी वाचायचे, अडेल ते सोडून पुढे जायचे, मग माघारी यायचे, ही आमची रीत. पण तुमच्या जिवाचे काय ते आधी सांगा. यादी करून आणा. आधी काय काढू?"

रविवारी दादाकडे बैठक भरली. पोहे झाले, चहा झाला, यादी होईना. दादाला पत्रे हवी. वडिलांनी नोकरीच्या गावाहून आईला लिहिलेली पत्रे. कागद आता हात लावताच चुरा होतात. वहिनींना मुलीच्या लग्नाची फिल्म हवी. "पत्रे तुम्ही चार वर्षे वाचलीत ना? मग तोंडपाठ असतील," असे त्या म्हणाल्या आणि खोलीत काही वेळ पंख्याचाच आवाज राहिला. मी आईचा आवाज म्हटले. आमच्या सौभाग्यवतींनी काहीच मागितले नाही, पण परतताना जिन्यात हळूच म्हणाल्या, "माझ्या बाबांचा एकच फोटो आहे त्यात. तुमच्या मुंजीतला, पंगतीत वाढतानाचा." तो मी घरी पोचायच्या आत दादाला फोन करून यादीत घातला. कितवा, ते त्याने विचारले नाही.

तोड त्या तरुणानेच काढली. नऊही आवाज मिळून अर्धा जीबी, पत्रे चार, फिल्म चौसष्ट. लहान ते आधी. वहिनींनी हे मानले. न्याय वजनाच्या काट्यावर झाला की कुणाला बोल लावता येत नाही.

डोकी सहा दिवस टिकली. फी सांगितली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच दादाने घासाघीस केली नाही. पत्रांपैकी शंभरेक गेली. लग्नाची फिल्म तिसऱ्या मंगलाष्टकापासून जेवणापर्यंत गायब झाली. व्याह्यांचा रुसवा नेमका त्यातच होता. त्यामुळे वहिनींचे दुःख निम्मे कमी झाले, असा माझा अंदाज आहे. फोटोंच्या कप्प्याची सूची मात्र बिघडलेली. पण प्रत्येक फोटोच्या आरंभी पोथीतल्या श्रीगणेशायनमःसारखी एक ठराविक खूण असते. ती खूण हुडकत गेले की फोटो निघतो. नाव तेवढे निघत नाही. असे सहा हजार निनावी फोटो हाती आले. दादाची चार वर्षांची नावे, गावे, तिथ्या सगळ्या गेल्या आणि नुसते आकडे उरले. आता शनिवारी रात्री आम्ही ओळख परेड घेतो. सासऱ्यांचा फोटो ४,११७ नंबरला निघाला. हातात बुंदीचे ताट, आणि मान वळवलेली, त्यामुळे चेहरा अर्धाच. हिने तो मोबाइलवर घेतला आहे.

आईचे आठ आवाज पूर्ण आले. नववा अर्धवट. त्यात ती पानशेतच्या पुराची गोष्ट सांगते. १२ जुलै १९६१. आई तेव्हा पंधरा वर्षांची, नारायण पेठेत राहणारी. धरण फुटले, पाणी जिन्याच्या पायऱ्या चढू लागले, सगळे बिऱ्हाड माळवदावर गेले. नंतर आठ दिवस आजोबांनी घरचे कागद दोरीवर वाळत घातले होते. ओला कागद निदान डोळ्यांना दिसतो, त्यावरची फुटलेली शाई ओळखता येते, असे मला ते ऐकताना वाटले. पण मुद्द्याची गोष्ट तिच्या आधीची. सगळे वर पोचल्यावर आजोबा पुन्हा खाली उतरले, कमरेइतक्या पाण्यात. आईचा आवाज स्पष्ट येतो, "आबा म्हणाले, थांबा, मी आलोच, कारण..." आणि तिथे खरखर सुरू होते. पुढचे कप्पे त्या तरुणाने अकरा वेळा वाचून पाहिले. आले नाहीत.

आईने ही हकीकत आम्हांला पुष्कळदा सांगितली होती, पण कारण दर वेळी वेगळे असे. दादाच्या मते आबा देव आणायला गेले. माझ्या आठवणीत खालच्या बिऱ्हाडातली म्हातारी आहे. माझी मुलगी म्हणते, आजीने तिला शेळी सांगितली होती. नाशिकची मावशी त्या वेळी सहा वर्षांची होती, माळवदावर आईच्या मांडीत बसलेली. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. तेव्हा भाऊबीज झाली की दादा आणि मी सकाळच्या गाडीने नाशिकला जाणार आहोत. दादाने नवा रेकॉर्डर घेतला आहे, आणि दोन.