बॉटला मराठी शिकवताना

लिम्नोरिया हा बॉट बसवायला घेतला की तो सुरुवातीलाच विचारतो, तुम्ही अनुभवी वापरकर्ते आहात का? रात्रीचे साडेअकरा वाजलेले, घरात सगळे झोपलेले, बघायला कोणी नाही. तरी मी ठोकून दिलं, हो. त्या एका 'हो'पायी पुढचा तासभर तो प्रश्नच विचारत बसला.

आमचा गट आठ-दहा जणांचा. हौसेनं मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करणारा आणि अजूनही आयआरसीवर गप्पा मारणारा. भांडणं ठरलेली: फाइल, संचिका की धारिका? एकाच पडद्यावर तिन्ही शब्द निघाले, तेव्हा ठरलं की चॅनेलवर बॉट बसवायचा आणि ठरलेला प्रतिशब्द त्यानं सांगायचा. घरी एक रास्पबेरी पाय रिकामा पडलाय असं मी बोलून गेलो होतो. काम माझ्याच गळ्यात पडलं.

लिम्नोरिया हा जुन्या सुपीबॉटचा वारसदार, पायथनमध्ये लिहिलेला. त्यात प्रत्येक कामाला वेगळा प्लगइन. फॅक्टॉइड्स माहिती लक्षात ठेवतो, लेटर गैरहजर माणसासाठी निरोप ठेवून घेतो. मी हावरटासारखे डझनभर लोड केले, त्यात कर्माही. नावापुढे दोन अधिकची चिन्हं टाकली की कर्मा त्या नावाला एक गुण देतो. आठवड्यानं यादी काढली तर पहिला नंबर 'सी'चा! आमच्यात या नावाचं कोणीच नाही. सी प्लस प्लस या भाषेचं नाव कुणी चिन्हांत लिहिलं की गुण 'सी'च्या खात्यात जमा. कर्माला निरोप दिला.

फॅक्टॉइड्सवर मात्र जीव जडला. त्याला शब्द शिकवताना शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये इंग्रजी 'ॲज' लिहावा लागतो, पण हा दुवा बदलता येतो. मी तिथे 'म्हणजे' घातलं. 'लर्न फोल्डर म्हणजे संचयिका'. हुकूम इंग्रजी, पण वाक्य आपल्या वळणाचं. त्या रात्री विनाकारण वीसेक शब्द शिकवले.

मग चौकोनी कंस आले. आमच्या यादीत जुना पर्याय कंसात द्यायची रीत: फाइल [जुना शब्द संचिका]. लिम्नोरियाच्या लेखी चौकोनी कंस म्हणजे हुकमाच्या पोटातला हुकूम. आधी आतला चालवायचा, मग त्याचं उत्तर बाहेरच्याला द्यायचं. तो इमानेइतबारे 'जुना' नावाचा हुकूम शोधायला गेला आणि असा हुकूम नाही म्हणून परत आला. मी आधी फॉन्टला दोष दिला, मग कीबोर्डला. दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं, आणि ती सोयच बंद केली.

खरी बेअब्रू टिंबानं केली. हाक मारायची खूण म्हणून मी टिंब निवडलं होतं, टंकायला सोपं म्हणून. आमच्यात एक निवृत्त मराठीचे शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. सरांची सवय वाक्य तीन टिंबांनी सुरू करायची: '...पण धारिका काय वाईट आहे?' बॉटला वाटे, मलाच बोलावलं. दर वेळी तो म्हणे, हा हुकूम वैध नाही. सर तावात होते, भराभर लिहीत गेले. मिनिटभरात फार चुकीचे हुकूम दिले की हा बॉट माणसाकडे दहा मिनिटं दुर्लक्ष करतो, आणि तसं जाहीरही करतो. सरांनी लिहिलं, "वर्गाबाहेर मी काढायचो रे, मला कोणी काढलं नव्हतं."

शरमेनं मी बॉट चालू असतानाच त्याची कॉन्फिगची फाइल उघडली, टिंबाच्या जागी उद्गारचिन्ह केलं, बॉट पुन्हा सुरू केला. टिंब जागच्या जागी! बंद होताना तो आपल्या स्मृतीतलं सगळं त्याच फाइलवर लिहून टाकतो. बदल हवा तर त्यालाच हुकूम देऊन सांगायचा, किंवा आधी त्याला बंद करायचं. हे कागदपत्रांत लिहिलेलं होतं. पण मी अनुभवी वापरकर्ता.

राहिली लांबी. आयआरसीची एक ओळ ५१२ बाइटांची, पत्ता वगैरे धरून. रोमन अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीतला प्रत्येक घटक, मग तो काना असो वा हलन्त, तीन बाइट खातो. 'स्त्री' एवढ्या शब्दाला अठरा. त्यामुळे आमच्या लांब व्याख्या अर्ध्यावर थांबत आणि पुढचं वाचायला 'मोअर' म्हणावं लागे. अका नावाच्या प्लगइननं मी त्याला 'अजून' हे दुसरं नाव दिलं.

सरांनी लगेच वापरून पाहिलं. उद्गारचिन्ह, अजून. व्याख्या पुरी झाली. पुन्हा अजून. बॉटनं इंग्रजीत कळवलं, संपलं, आता काही उरलं नाही.

थोड्या वेळानं सरांची ओळ आली, या खेपेस टिंबांशिवाय: "याच्या तोंडच्या वाक्यांचं मराठी कोणी करायला घेतलंय का?"